आडमुठीची लेक

लाँड्रीत तिला सगळे आडमुठी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही खुशाल ओ देई. खरं तर तिच्या मानाने हे नाव फारच सौम्य होतं.

लाँड्री मोठी होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी गठ्ठ्यांनी येत, दारातल्या वजनकाट्यावर तोलल्या जात आणि धुऊन, वाळून इस्त्रीच्या टेबलांवर पोचत. तिचं काम इस्त्रीचं. तिला दिवस गेले तेव्हा संध्याकाळपर्यंत पाय असे सुजत की चप्पल चढत नसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बसून काम करा. मालक म्हणाला, इस्त्री उभ्यानेच होते, बसून होते ती डुलकी. तिने वाद घातला नाही. नवरा सुतार होता. सुट्टीच्या दिवशी रखवालदाराला गोड बोलून ती नवऱ्याला आत घेऊन गेली आणि एका टेबलाचे चारही पाय करवतीने आखूड करवून घेतले.

दुसऱ्या दिवशी मालकाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती स्टुलावर बसून चादरीमागून चादर घडी करत होती.

"काढून टाका मला," ती मान वर न करता म्हणाली, "पण हा ढीग कोण संपवणार, तेवढं आधी सांगा."

मालकाने ढिगाकडे पाहिलं आणि टेबल तसंच राहू दिलं. त्यानंतर जिला दिवस जात, तिला ते बुटकं टेबल मिळू लागलं.

मुलगी झाली ती अगदी मूठभर. सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात निकाल दिला की आईचं दूध पोरीला पुरत नाही, पावडरचा डबा आणा. नर्स म्हणत होती, बाळ नीट पितंय, वजन वाढतंय का तेवढं पाहत राहा. दवाखाना लांब होता. तेव्हा हिने सरळ लाँड्री गाठली. काट्यावर धुतलेली टोपली ठेवली, टोपलीत स्वच्छ टॉवेल आणि टॉवेलात लेक. पुढच्या खेपेला सुई थोडी पुढे सरकली. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी सरकली. सासूबाई सुईशी भांडू शकल्या नाहीत, आणि डब्याचा विषय तिथेच संपला.

तेव्हापासून एक पायंडाच पडून गेला. दर वाढदिवसाला लेकीला काट्यावर उभं करायचं. बायका इस्त्र्या बाजूला ठेवून गोळा व्हायच्या, सुई पुढे गेली की टाळ्या पिटायच्या, आणि आडमुठी जणू सगळं वजन स्वतःच उचलल्यासारखी ऐटीत बघायची.

मधली वर्षं भांडणातच गेली म्हणायला हरकत नाही. लस टोचल्यावर ताप येतो म्हणून शेजारीण पुढची लस चुकवायला सांगत होती, हिने चुकवली नाही. मुलींनी इतकं धावू नये असं नणंद म्हणाली, तर हिने लेकीला पळायचे बूट आणून दिले. पाळीबद्दल तिने लेकीला भरदिवसा, स्वयंपाकघरात, आवाज न दबवता सांगितलं. बाहेर पेपर वाचणाऱ्या सासऱ्यांनी घाईघाईने रेडिओ मोठा केला.

लेक खरोखरच छान पळायची. शाळेच्या संघात निवड झाली तेव्हा आईचे पाय जमिनीवर नव्हते. संघाला एक सर होते. दर शनिवारी सरावाआधी ते मुलींना रांगेत उभं करून वजन करत आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारत. जिचा आकडा वाढलेला, तिला जास्तीच्या फेऱ्या. लेकीने हे घरी सांगितलं नाही. ती फक्त ताट अर्धवट ठेवू लागली. शाळेत खाल्लं, मैत्रिणीकडे खाल्लं, पोट जड आहे. बापाला शंका आली होती. आई म्हणाली, वाढदिवस जवळ आलाय, काटा खोटं बोलत नाही.

वाढदिवसाला लेक बापाचं ढगळ जाकीट घालून आली आणि काट्यावर उभी राहिली. सुई गेल्या वर्षीच्या पुढे गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आडमुठीही वाजवत होती, तेवढ्यात काट्याच्या पत्र्यावर टपकन थेंब पडला. मग आणखी एक.

लाँड्रीत वाढलेल्या पोरीला ओलं कापड कोरड्यापेक्षा किती जड असतं हे वेगळं शिकवावं लागत नाही. तिने धुलाईच्या हौदातून दोन टॉवेल उचलून कमरेला गुंडाळले होते. घाईत नीट पिळायचं तेवढं राहिलं होतं. आईने तिला कपड्यांच्या खोलीत नेलं, दार लावलं, टॉवेल सोडवले. आतली बरगडी न् बरगडी दिसत होती. आईने तिच्याभोवती कोरडी चादर लपेटली. तिने हळूच विचारलं, तेव्हा लेक म्हणाली की पाळीही कितीतरी महिने आलेली नाही.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. शरीराला खायलाच मिळत नाहीये, ऐन हाडं भरण्याच्या वयात हे असं चालू राहिलं तर पोरगी आयुष्यभर भोगेल. आधी पोटभर खाणं, पळणं सध्या बंद. पोरीवर रागावून मात्र काही होणार नाही, असंही त्या आईकडे बघून म्हणाल्या. आईने मान हलवली आणि तिथून थेट मैदान गाठलं.

तिने सरांना सगळ्या संघासमोर फैलावर घेतलं. लाँड्रीच्या यंत्रांच्या वर चढणारा आवाज तो, पार रस्त्यापर्यंत गेला. सरांनी हाताची घडी सोडली नाही. गुबगुबीत मुलगी हवी असेल तर घरी बसवा, म्हणाले. लेक खाली मान घालून उभी होती. त्या रात्री ती जेवलीच नाही.

आडमुठी आयुष्यात पहिल्यांदा हतबल झाली. मालकाशी लढता येतं, सासूशी लढता येतं. चौदा वर्षांच्या पोरीच्या तोंडात घास कोंबता येत नाही. सकाळी तिने दूध पुढे ठेवलं आणि बजावलं, "आठवड्यात वजन वाढलं पाहिजे. मी स्वतः करणार."

लेकीने पेला दूर सारला. "त्यांना कमी हवंय, तुला जास्त हवंय. मला कुणी विचारलंय?"

आईचा पारा चढला. तोंडावर आलेलं उत्तर तिने कसंबसं गिळलं. "बरं, सांग. तुला काय हवंय?"

"मला पळायचंय. आणि कुणाच्याच काट्यावर चढायचं नाही. त्यांच्या नाही, तुझ्याही नाही."

हे मात्र आईला लागलं. त्या काट्यावर तिने पोरीला जगवलं होतं, आणि पोरगी दोन्ही काटे एकाच रांगेत बसवत होती. तिने दुधाचा पेला उचलून ओट्यावर नेऊन ठेवला. शेवटी दोघींत ठरलं ते असं: वजन फक्त डॉक्टरीणबाई करतील, लेक सुईकडे पाठ करून उभी राहील, आणि आई आकडा विचारणार नाही. पळणं कधी सुरू करायचं तेही बाईच सांगतील. "आणि सरांशी मी बोलेन," लेक म्हणाली. "तू कुंपणाबाहेर थांबायचं. गप्प."

शनिवारी आई कुंपणाबाहेर थांबली. गप्प राहणं तिला किती जड गेलं ते कुंपणाच्या तारेला विचारा. सरांनी लेकीला पुकारलं. ती पुढे गेली, पण काट्याच्या अलीकडे थांबली.

"मी चढणार नाही, सर."

"मग संघातही नाही."

"बरं," ती म्हणाली आणि वळली. रांगेतली एक मुलगी हसली, बाकीच्यांनी बुटांकडे पाहिलं. लेक फाटकातून ताठ मानेने बाहेर आली आणि कोपरा वळल्यावर रडू लागली. आई नुसती बाजूने चालत राहिली.

बेकरीपाशी लेक थांबली. भूक लागलीय म्हणाली. दोघी बाकावर बसल्या, समोर उकडलेली अंडी आणि पाव आले. लेकीने एक घास घेतला, मग थांबली. आईची नजर त्या घासावरच खिळली होती.

"बघू नकोस ना माझ्याकडे."

कुणापुढे कधी पाठ न फिरवलेली ती बाई उठली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. समोरून सायकली गेल्या, एक ट्रक गेला. मागे काय चाललंय ते कळेना, आणि मान वळवायची नाही म्हणून तिने बाकाची कड घट्ट धरून ठेवली होती. मग मागून लेकीचा आवाज आला.

"काका, अजून एक पाव द्या."