दोन-दोनचा हात

"हात ढिला सोड, बाई. चोरून नाही नेत मी तुझा हात."

गिऱ्हाइकाचा हात हातात आला की काकूंचं पहिलं वाक्य हे असायचं. मग अंगठ्याच्या बुडाशी दाब, चारही बोटं मिटलेली, आणि बाईचं लक्ष बोलण्यात असतानाच काचेची बांगडी मनगटावर उतरलेली. रायपूरच्या गोल बाजारात बांगड्यांची दुकानं ओळीने आहेत. काकूंचं त्यातलं सर्वांत लहान होतं. गल्लीच्या पातळीहून दोन हात उंच ओटा, मागे काचेचं कपाट आणि पुढे पायरी. गिऱ्हाईक पायरीवर बसे, काकू ओट्यावर.

त्या वर्धेकडच्या कासाराची मुलगी. लग्न होऊन इथे आल्या. रेल्वे कॉलनीतल्या मराठी बायका त्यांच्याकडेच जात, कारण तिथे भावही मराठीत करता येई. माझी आईही जायची. पुढे मी एका हिंदी दैनिकात बातमीदार झालो आणि कचेरी गोल बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे दुपारचा चहा काकूंच्या पायरीवर होऊ लागला. त्या मला "पेपरवाले भाऊ" म्हणत.

तेव्हा राज्य नवीन होतं. भोपाळहून अधिकारी आले, त्यांच्या बायका आल्या. काकू हातांवरून खातं सांगायच्या. "हा मंत्रालयाचा हात आहे, भाऊ. लोण्यासारखा. दोन-सहाची बांगडी मागते अन् दोन-आठ लागते. सांगितलं तर राग येते." दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा ही बांगड्यांची मापं. दोन-दोन सर्वांत लहान. ते बहुधा वयात येणाऱ्या मुलीचं माप असतं. काकू मोजपट्टी वापरत नसत. हात दाबून माप सांगत, आणि मापाबरोबर वयही.

त्या एकट्या राहत. नवरा होता, तेलीबांध्याला, दुसऱ्या बाईसोबत. इकडे छत्तीसगडात चूड़ी पहनानेची रीत आहे. पुरुषाने एखाद्या बाईला चार माणसांत बांगड्या भरल्या, समाजाला जेवण दिलं, की ती त्याची बायको. पहिली घरात असली तरी चालतं. काकूंचा नवरा इथे वाढलेला होता. त्याने ती रीत उचलली. बांगड्या त्याने घरच्याच दुकानातून नेल्या. हिरव्या, बारा. काकूंनीच निवडून, कागदात बांधून दिल्या होत्या. कोणाला, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

नंतर त्या वकिलाकडे गेल्या. वकिलाने सांगितलं, दुसरं लग्न हा गुन्हा आहे, पण आधी ते लग्न होतं हे सिद्ध करावं लागेल. फेरे झाले का? पुरोहित कोण होता? नुसत्या बांगड्यांवर कोर्ट उभं राहणार नाही.

"म्हणजे माह्या घरात काही झालंच नाही, असं म्हणाला तो," काकू मला म्हणाल्या. "मग मी एकटी काहून जेवून राहिली, ते विचारायचं राहिलं."

त्यानंतर त्यांना एक नाद लागला. बायकोला बांगड्या भरायला घेऊन आलेला माणूस धर्माचं काही जाणणारा असला, की त्या त्याला सोडत नसत. ईदेच्या आधी एक मौलाना मुलींना घेऊन आले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "चार की इजाज़त है, हुक्म नहीं है. और शर्त है बराबरी की."

"बराबरी नापता कौन है, मौलाना साहब?"

मौलानांनी बोट वर केलं. काकू म्हणाल्या, "उनके पास तो बहुत काम होगा."

मौलाना हसले. त्यांच्या मुली जास्त हसल्या.

आमचे भटजी म्हणाले की शास्त्रात सवलत होती, कायद्याने ती बंद केली. लग्नाच्या वयाचंही तसंच. पूर्वी आठव्या वर्षी लावत, आता अठरा.

"मग चुकलं होतं कोण, गुरुजी? शास्त्र का कायदा?"

गुरुजींना एकदम सत्यनारायणाची आठवण झाली. रेल्वे शाळेतले एक बौद्ध मास्तर म्हणाले, "आमच्यात एकच, ताई. आणि तीही तिच्या संमतीने." काकूंना हे फार आवडलं. त्यांनी मास्तरांच्या बायकोकडे वळून विचारलं, "तुले विचारलं होतं का वो?" मास्तरीणबाई बांगड्यांकडे पाहत राहिल्या. मास्तर म्हणाले, "वडिलांना विचारलं होतं."

"पाहा," काकू मला नंतर म्हणाल्या, "माणसाले काय चालते ते सगळ्यांले पाठ आहे. बाईले काय चालते, ते पाहून सांगतो म्हणतात."

वयाच्या बाबतीत मात्र त्यांना कोणाला विचारायची गरज वाटत नसे. अक्तीच्या आधी, म्हणजे आपल्या अक्षय तृतीयेच्या, गावोगावच्या आया मुलींना लग्नाच्या बांगड्या भरायला आणत. त्या मुहूर्ताला इकडे लग्नांचा पाऊस असतो आणि त्यात कोवळ्या पोरीही उरकल्या जातात. काकू हात दाबत आणि "हात कच्चा आहे, नाही भरत" म्हणून डबा बंद करत. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाई. काकू जाऊ देत.

एका वर्षी असाच हात आला. मुलगी नव्या राजधानीसाठी जमीन घेतली जात होती त्या बाजूच्या एका खेड्यातली. दोन-दोनची बांगडी न दाबता मनगटापर्यंत घसरली. आईने विचारण्याआधीच सांगितलं, "बीस-इक्कीस बछर के होही." वीस-एकवीस वर्षांची असेल. काकूंनी बांगडी परत काढून घेतली.

दुपारी चहा घेताना त्यांनी मला गावाचं नाव सांगितलं. "चौदाची आहे, भाऊ. पंधरा म्हटलं तर डोक्यावरून पाणी. तुम्ही काही करता का फक्त लिहिता?"

मी ओळखीच्या एका अधिकाऱ्याला फोन केला. अक्तीच्या दिवशी पथक गेलं, मी गेलो, आमचा फोटोग्राफर आला. वरात येऊन बसली होती. मुलीची जन्मनोंद नव्हती, शाळेचा दाखला नव्हता. तिला वय विचारलं, तिने बावीस सांगितलं. अशा वेळी सगळ्याच असं सांगतात, म्हणून ते कोणी लिहून घेतलं नाही. मीही नाही. पुरावा मिळेपर्यंत लग्न थांबवण्यात आलं. मुलीला तपासणीला पाठवलं. मुहूर्त टळायच्या आत वरपक्षाने शेजारच्या गावात दुसरी मुलगी पाहिली आणि मुलाचं लग्न त्याच दिवशी लावलं.

दुसऱ्या दिवशी चार कॉलम बातमी आली. चौकस चुडीवालीमुळे बालविवाह टळला, असा मथळा होता. काकूंनी ते कात्रण काचेच्या कपाटावर चिकटवलं. त्या दिवशी त्यांनी मला चहाबरोबर समोसाही खायला घातला.

सहाव्या दिवशी डॉक्टरांचा अहवाल आला. त्यांनीही हातच पाहिला होता, फक्त एक्स-रेमध्ये. मनगटाची हाडं पूर्ण जुळली होती. वय विसाच्या पुढे.

मी दुरुस्तीच्या सहा ओळी लिहून दिल्या. डेस्कवरच्या माणसाने वाचून परत केल्या. "शादी तो रुक गई न, भैया? अब इसमें ख़बर क्या है?" मी पुन्हा दिल्या नाहीत.

काकूंना मीच सांगितलं. त्या बराच वेळ एका डब्यातल्या बांगड्या दुसऱ्या डब्यात लावत होत्या.

"ते पोरगी काय काम करते?"

"विटा वाहते. दहा-बारा वर्षांपासून. अंगात काही नाही तिच्या."

काकूंनी स्वतःचा तळहात उलटा करून पाहिला. "मी हाड पाहिलं, भाऊ. तळवा नाही पाहिला. तळवा पाहिला असता तर समजलं असतं. मंगळसूत्राच्या आधीच घट्टे असन तिच्या हाताले."

कात्रण त्यांनी ओल्या फडक्याने काढलं. काचेवर मथळ्याचा अर्धा भाग राहिला. तो कित्येक दिवस तिथेच होता.

त्या रविवारी त्या एकट्या त्या गावी गेल्या, बांगड्यांची पेटी घेऊन. मुलगी कामावर होती. आईने पाणी दिलं. बाप खाटेवर बसला होता, तो म्हणाला, "बने करेव, बाई." चांगलं केलंत. एवढंच. काकू पेटी न उघडता परत आल्या. पुढच्या दोन अक्तींनाही त्या गेल्या. मुलीला मागणी येत नव्हती. जिच्या दारात सरकारी गाडी आली, जिचा हात तपासायला नेला, तिच्यात काहीतरी खोट असणार, असं गावाने ठरवलं होतं. काकू रेल्वे कॉलनीत, धोबीपाऱ्यात, कुठे कुठे तिच्यासाठी मुलगा शोधत. एकदा मलाच म्हणाल्या, "तुमच्या प्रेसमध्ये कोणी मशीनवाला पोट्टा नाही का, बिनलग्नाचा?" होता. त्याच्या घरच्यांनी नाही म्हटलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. काकूंनी सांगितलं तसं लिहितो.

तिसऱ्या वर्षी अक्तीच्या नंतर, साध्या एका मंगळवारी, ती मुलगी दुकानावर आली. सोबत चाळिशीचा एक माणूस होता. काकूंनी ओळखलं. माणसाने लाल बांगड्या मागितल्या, पूर्ण हातभर. समाजाचं जेवण ठरलंय म्हणाला, घरची राजी आहे म्हणाला. घरची, म्हणजे पहिली.

"मी त्याले म्हटलं, जरा गल्लीत उभा राय. मग पोरीले म्हटलं, बाई, हे लग्न नाही. उद्या याने नाही म्हटलं तर तुह्याजवळ एक चिटोरं नाही. मले विचार. त्याच्याकडून लिहून घे आधी, मी साक्षीले उभी राहते. पाहत होती माह्याकडे. मग हात पुढे केला तिनं. काय म्हणाली माहीत आहे?"

काकूंनी तिचे शब्द तिच्याच बोलीत सांगितले. "ए दारी उमर नइ पूछस, काकी?" या वेळी वय नाही विचारत?

काकूंनी बांगड्या भरल्या. दोन-दोनच्याच. दोन्ही हात मिळून चोवीस. एकही फुटली नाही. माणूस पैसे द्यायला लागला, तर म्हणाल्या, राहू दे. त्याला वाटलं, शुभकार्य म्हणून सोडले.

त्या दिवसानंतर काकूंनी कोणाचा हात हातात घेतला नाही. गिऱ्हाइकापुढे डबे मांडायच्या आणि म्हणायच्या, "तुमचं तुम्ही घाला. आवडते ते घ्या." बायका दोन-चार फोडायच्या, चिडायच्या. माझ्या आईनेही दुकान बदललं. "बांगड्या काय, कुठेही मिळतात," ती म्हणाली. "आपण त्यांच्याकडे जात होतो ते त्या हात धरतात म्हणून." मला वाटतं, दिवसभरात काकूंना होणारा माणसाचा स्पर्श तेवढाच होता. पण हे माझं वाटणं झालं. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही. दुपारी मी जायचो तेव्हा पायरी बहुतेक रिकामी असायची आणि त्या रेडिओ लावून, दोन्ही हात पदराखाली घेऊन बसलेल्या असायच्या.

नंतर आमची कचेरी तेलीबांध्याच्या पुढे गेली, नव्या रायपूरच्या रस्त्याला. चहा सुटला. काकू गेल्याचं मला आमच्याच अंकातून कळलं, शोकसंदेशाच्या चौकटीतून. खाली नवऱ्याचं नाव होतं. तो कायद्याने नवरा होताच. अग्नी त्याने दिला, तेरावा त्याने केला, आणि मजकुरात त्यांना "मेरी धर्मपत्नी" म्हटलं होतं. छायाचित्र लग्नाच्या वेळचं होतं. मी ते आधी ओळखलं नाही.

महिनाभराने कामासाठी गोल बाजारात गेलो होतो. दुकानाचं शटर खाली होतं. पायरीवर एक बाई बसली होती, मांडीशी चार-पाच वर्षांची मुलगी. मी पुढे जाणार, तेवढ्यात तिने विचारलं, "भैया, ये दुकान वाली काकी कब आथे?"

मी सांगितलं. तिची मनगटं बारीक होती आणि मोकळी होती.

मनगटांवरून मी तिला ओळखलं; मला बातमीदार म्हणून तिने ओळखलं नाही. त्या दिवशी मंडपात तिने मान वर केली नव्हती. थोड्या वेळाने तिने पिशवीतून एक कागद काढून मला वाचायला दिला. शपथपत्राचा मसुदा होता. माणूस पावसाळ्यात ट्रॅक्टरखाली सापडून गेला होता. पहिलीचे भाऊ म्हणत होते की ही आमच्याकडे मजुरीला होती, आणि समाजाच्या जेवणाला आलेलेही आता तेच म्हणत होते. मुलीला शाळेत घालायची, तर बापाचं नाव लिहायला शाळा तयार नव्हती. वकिलाने सांगितलं होतं, घराबाहेरचा एक साक्षीदार आण, ज्याने बांगड्या भरताना पाहिलं. साक्षीदाराच्या ओळीवर काकूंचं नाव टाइप करून ठेवलं होतं. सहीची जागा कोरी होती.

"अउ कोन देखे रिहिस?" मी तिच्याच बोलीत विचारलं. आणखी कोणी पाहिलं होतं?

"कोनो नइ."

मी तिथे नव्हतो. जे पाहिलं नाही, त्यावर सही करता येत नाही. मी तिला हे सांगितलं, आणि मी कोण ते सांगितलं नाही. एका ओळखीच्या वकिलाचा नंबर मात्र कागदाच्या मागे लिहून दिला.

तिने कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. मुलीने विचारलं, चलायचं का? ती म्हणाली, थांब जरा. गल्लीच्या वळणावरून मी मागे पाहिलं. ती अजून पायरीवरच बसली होती, बंद शटरला पाठ लावून. पोरीची चारही बोटं तिने एकत्र मिटून हातात धरली होती.