वाळायच्या आत

माझा दादा गॅरेजमध्ये रंगारी होता. ठोकलेल्या, चेपलेल्या गाड्या त्याच्याकडे रडत यायच्या आणि नव्या नवरीसारख्या परत जायच्या. दिवसभर जुन्याचं नवं करायचं आणि संध्याकाळी मागच्या खोलीत बसून नव्याचं जुनं करायचं, असा त्याचा उफराटा कारभार.

मागच्या खोलीत त्याची रेल्वे होती. तिला खेळणं म्हटलेलं त्याला खपायचं नाही. आमच्या मामांनी एकदा म्हटलं, तर त्यांना चहासुद्धा न विचारता त्यानं खोलीचं दार लावून घेतलं. कमरेएवढ्या उंचीच्या फळ्यांवर एक छोटंसं स्टेशन, त्यामागे इंजिनांची शेड, पाण्याची टाकी, मालधक्का, सिग्नल आणि बोटाच्या पेराएवढी माणसं. पुठ्ठा, पत्रा, लाकडाच्या काड्या, तार यांतून सगळं हातानं उभं केलेलं. इंजिनं तेवढी विकतची. पण नवंकोरं इंजिन डब्यातून निघालं की दादा आधी त्याला मळवायला घ्यायचा. धुरांड्याच्या तोंडाला काजळी, चाकांजवळ तेल, पायरीवर बुटांची माती. शेडच्या पत्र्यावर गंज, टाकीच्या प्रत्येक खिळ्याखाली एक तांबूस ओघळ. स्टेशनच्या एका कौलावर कबुतराची शीटसुद्धा होती, ती करायला त्यानं अख्खा रविवार घालवला होता.

त्याच्याबरोबर रस्त्यानं चालणं म्हणजे शिक्षा. लोक दुकानं बघतात, हा गटाराचे पाइप बघणार. एखाद्या भिंतीवरचा ओलीचा डाग दिसला की जागच्या जागी खिळायचा. ‘बघ, पाणी कुठून उतरलंय बघ.’ मी म्हणायचे, दादा, चल, लोक आपल्याला पोलिसात देतील.

मी त्याची धाकटी बहीण, पुढच्याच गल्लीत राहते. मला त्या खोलीत जायची मुभा होती, कारण मी कशाला हात लावत नसे, नुसती तोंड चालवत बसे. शेडचं छप्पर त्यानं मळवलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. स्वच्छ करड्या रंगाचं सुंदर छप्पर, आणि यानं त्याच्यावर काळपट पाण्याची वाटी सरळ ओतली! मी किंचाळलेच. तो म्हणाला, ‘ओरडू नकोस, वेळ नाही. आता हे वाळायच्या आत पुसायचं. वरून खाली, फक्त खाली. पाऊस जसा उतरतो तसं. आडवं पुसलं की मेलं, आणि वाळलं की बोंबला.’ मग फडक्याचं टोक घेऊन तो पुसायला लागला. उंचवट्यावरचं निघालं, खाचांमधलं राहिलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते छप्पर म्हातारं झालं.

वहिनीला यातलं काही ठाऊक नव्हतं. नवल वाटेल, पण खरं आहे. वहिनी लाँड्रीत डाग काढायच्या कामाला. शाई, रक्त, ग्रीस, गंज, कुठला डाग कशानं जातो ते तिला झोपेत विचारा. डाग दिसला की तिच्या हातांना खाज सुटते. लग्नानंतर लगेचच दादानं सांगून ठेवलं होतं, ‘त्या खोलीत झाडू-फडकं आणायचं नाही.’ तिनं ते मनाला लावून घेतलं. ‘बसा तुमच्या उकिरड्यात,’ म्हणाली आणि पुन्हा उंबरा ओलांडला नाही. चहा दारातूनच द्यायची, तोंड फिरवून. ती धूळ, तो गंज रंगवलेला आहे हे तिला कुणी सांगितलंच नाही. दादा सांगणारा नव्हे, आणि मला वाटत होतं तिला माहीत असणार. बायको आहे ना!

मग दादाला झटका आला. गॅरेजमध्ये एका दरवाज्याला रंग मारता मारता हातातला फवारा गळून पडला आणि तो त्या ओल्या दरवाज्यावरच कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलात नुसता बघत पडून असायचा. वहिनी भेटायची वेळ संपेपर्यंत त्याच्या उशाशी, मग घरी. घरी ती काय करत होती, ते मला हॉस्पिटलच्या शेवटच्या दिवशी कळलं.

दादाला आणायच्या सकाळी तिनं मला हाक मारली. ‘वन्सं, या ना, एक गंमत दाखवते.’ आणि मागच्या खोलीचं दार उघडलं.

मी उंबऱ्यातच थबकले.

सगळं लखलखत होतं. लाँड्रीतलं स्पिरिट, कापसाचे बोळे आणि जुना टूथब्रश घेऊन तिनं रोज थोडं थोडं पुसून काढलं होतं. काजळी गेली, गंज गेला, टाकीचे ओघळ गेले. कबुतराची शीटही गेली. शेडचं छप्पर पुन्हा करडं, गुळगुळीत, आणि इंजिन तर असं चमकत होतं की त्यात माझं तोंड दिसावं. एवढं नाजूक काम, एक सिग्नल मोडला नाही की एक माणूस हलला नाही.

‘किती वर्षांची घाण हो,’ वहिनी म्हणाली. तिचे डोळे सुजलेले, बोटांची कातडी स्पिरिटनं सोललेली. ‘घरी आलं की हातांना काहीतरी लागायचं, नाहीतर वेड लागलं असतं. म्हटलं, बरे होऊन येतील तर त्यांना स्वच्छ दिसू दे.’

मी तिची सोललेली बोटं हातात घेतली. आणि एवढ्यात बाहेर हॉस्पिटलची गाडी आली.

दादाला चाकांच्या खुर्चीतून आणलं. वहिनीनं त्याला सरळ मागच्या खोलीत नेलं आणि कुठलं तरी बटण दाबलं. रूळ पुसलेले असल्यानं गाडी पूर्वी कधी धावली नव्हती इतकी सुरेख धावली. चकाचक इंजिन, चकाचक डबे, गोल गोल. दुकानाच्या काचेमागे ठेवतात तसलं खेळणं.

दादानं एकदा पाहिलं. शेडपासून टाकीपर्यंत नजर फिरवली आणि डोळे मिटले.

‘दमले असतील,’ वहिनी म्हणाली.

दमला नव्हता. पलंगावर ठेवल्यावर त्यानं भिंतीकडे तोंड केलं ते केलं. भात मऊ करून द्या, सूप द्या, दात घट्ट. चमचा ओठांशी नेला की सगळं हनुवटीवरून नॅपकिनवर. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या, त्या डावा हात उचलायच्या, सोडला की तो पिशवीसारखा पडायचा. ‘हा हात धडधाकट आहे हो,’ त्या म्हणाल्या, ‘पण यांच्या मनातच नाही.’ डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असाच उपाशी राहिला तर सोमवारी परत आणा, नाकातून नळी घालावी लागेल, आणि मग पुढचं काही सांगता येत नाही.

वहिनीला मी सांगून टाकलं. लपवून काय उपयोग होता? स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलं की तो गंज रंगवलेला होता, प्रत्येक ओघळ, प्रत्येक डाग. ती आधी हसली, मी थट्टा करते असं वाटून. मग माझ्या तोंडाकडे बघत खाली बसली.

‘म्हणजे मी त्यांची सगळी वर्षं पुसली,’ ती म्हणाली. ‘आणि हॉस्पिटलात कानाशी सांगत होते, घरी गंमत आहे म्हणून!’

‘अगं, तुला काय माहीत...’

‘डागातलं मला माहीत नाही, तर कुणाला माहीत असायचं?’ ती माझ्यावरच ओरडली. ‘रोज डाग हाताळते मी! लावलेला आणि लागलेला, एवढं ओळखता येऊ नये?’ आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली. मी तिचे हात धरले. धरवत नव्हते, एवढा जोर तिच्यात कुठून आला होता देव जाणे.

पण ती रडत बसणारी नव्हे. दुसऱ्याच दिवशी सगळ्या खिडक्यांत वाट्या मांडलेल्या. व्हिनेगरमध्ये गंजके खिळे, दाट काळा चहा, पेन्सिलीच्या शिशाची पूड, बुटाचं पॉलिश, चुलीवर जाळलेल्या कागदाची राख. डाग कशानं जातो हे जिला कळतं, तिला तो कशानं पडतो हेही कळतं. रंग अगदी बरोबर जमले होते. पण लावायचे कुठे? दादानं खोलीचा एक फोटो कधी काढू दिला नव्हता. ‘पुरं झालं की काढू’ म्हणायचा, आणि पुरं कधी व्हायचंच नव्हतं. वहिनीनं अंदाजानं ठिपके दिले. मी पाहायला गेले तर शेडला गोवर आलेला.

‘वहिनी, हे काय गं?’

‘मग तुम्ही सांगा ना! तुम्ही बसायचात ना आत!’

मी बसायचे, पण कोण लक्ष देतंय खिळ्याखाली ओघळ किती लांब होता ते! मी आपली शेजारणींच्या उखाळ्यापाखाळ्या सांगत बसलेली. त्या दिवशी मला माझाच राग आला.

रविवार उजाडला. उद्या नळी. दुपारी वहिनीनं दादाच्या गळ्यात नॅपकिन बांधून चार चमचे भरवून पाहिले, चारही बाहेर आले. तिनं तोंड पुसलं, नॅपकिन तसाच ठेवला आणि खुर्ची ढकलत त्याला मागच्या खोलीत आणलं. शेडला अगदी चिकटवून उभं केलं. तिनं ते गोवराचे ठिपके पुसून टाकले होते. छप्पर परत कोरं.

‘अहो, बघा ना. इथे होता का डाग? की इथे?’ ब्रश बुडवून ती एक ठिपका द्यायची आणि त्याच्याकडे बघायची. डोळे मिटलेले. ‘नुसती मान हलवा. शिव्या द्या हवं तर. अहो, चुकले मी, हज्जार वेळा चुकले, पण तुम्ही असं करू नका. मी एकटी काय करू इथे?’

दादा दगड.

‘वहिनी, पुरे,’ मी म्हटलं.

‘पुरे कसं? उद्या नेतील त्यांना!’ आणि तिचा बांध फुटला. गंजाची वाटी, चहाची वाटी, काळं पाणी, हाताला येईल ते तिनं उचललं आणि धाडकन त्या छपरावर ओतलं. ‘घ्या! घ्या तुमची घाण! सगळी घ्या!’ रिकामी वाटी फळीवर आपटली, गडगडत रुळांवर गेली, आणि वहिनी भिंतीला टेकून जमिनीवर घसरली. हमसाहमशी रडत होती. मीही रडत होते आणि रडता रडता तिला ओरडत होते, की आता राहिलं होतं तेवढंही घालवलंस, बाई.

वाटीच्या आवाजानं दादाचे डोळे उघडले होते. ते माझ्या लक्षात आलं नाही. मला आधी दिसलं ते छपरावरचं पाणी. काळंतपकिरी पाणी पत्र्याच्या खाचांतून उतरत होतं, कडेला जमत होतं, खिळ्यांभोवती थांबत होतं. आणि दादा त्याच्याकडे बघत होता. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन सरळ छपरावर. वरची कड वाळायला लागली होती.

त्याच्या घशातून घरघर आली. मला वाटलं, आता काय झालं! डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता. मग तो हात वर आला, गळ्याशी चाचपडला, आणि त्यानं नॅपकिन ओढला. गाठ सुटेना. परत ओढला. मान लाल झाली. तिसऱ्या हिसक्याला गाठ सुटली आणि सुपाचे डाग पडलेला तो नॅपकिन घेऊन दादाचा हात छपरावर पडला. तो निम्म्या जागी जात नव्हता. पण वरून खाली. परत उचलला, वरून खाली.

‘वहिनी,’ मी म्हटलं, ‘वहिनी, ऊठ.’

ती उठली. दादाचा हात शेडच्या पलीकडच्या बाजूला पोचत नव्हता. तिकडे ऊन जास्त होतं. त्यानं नॅपकिन तिच्या अंगावर टाकला. ती गोंधळली, मग लगबगीनं पुसायला लागली, गोल गोल, डाग काढतात तसं. वर्षानुवर्षांची सवय, दुसरं येतंय कुठे! दादानं तिच्या मनगटावर फटका मारला. तोंड वाकडं झालं, ओठ थरथरले, लाळ गळली.

‘खा...’ तो म्हणाला. ‘खाली.’

वहिनीचा हात थांबला.

‘खाली!’ दादा ओरडला. वाळत होतं ना ते.

मग ती पुसायला लागली. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, काही दिसत नसणार तिला, पण खाली, खाली, फक्त खाली. एक बाजू वाचली. दुसरी अर्धी वाळून काळा थर बसला, तो आजही तसाच आहे.

संध्याकाळी दादानं सूप घेतलं. अर्धं सांडलं, अर्धं गेलं. नळी टळली.

पुढे फार काही चांगलं झालं, असं सांगायला मला आवडलं असतं. उजवा हात आला नाही. गॅरेज सुटलं ते सुटलंच. वहिनी अर्धा दिवस लाँड्रीत, अर्धा दिवस घरी, आणि त्या वेळात ती दोघं मिळून एक एक डबा मळवतात. तो डाव्या हातानं ओततो, ती पुसते. शेड पूर्वीसारखी झाली नाही, होणारही नाही. आणि तो जो शब्द फुटला, त्याच्यापुढे दुसरा आलाच नाही. डॉक्टर म्हणतात, असं होतं कधी कधी, एकच शब्द राहतो. पाणी हवं तर ‘खाली’. पंखा लावा, ‘खाली’. मी गेले की माझ्याकडे बघून हसत ‘खाली’, म्हणजे बस. रागावला की तेच, दुखलं की तेच. पहिले काही महिने वहिनी त्या शब्दाला घाबरायची, ऐकला की तिच्या अंगावर काटा यायचा.

परवा मी आणि ती स्वयंपाकघरात भाजी निवडत होतो. मागच्या खोलीतून हाक आली, ‘खाली!’

‘आले हं,’ म्हणत ती हात पुसत उठली. दाराशी थांबली, माझ्याकडे वळली.

‘एवढी वर्षं नुसतं अगं अगं करायचे, वन्सं,’ ती म्हणाली. ‘आता निदान नावानं हाक मारतात.’

आणि आत गेली.