कोपऱ्यातलं माझं नाव

मी कॉम्प्युटरच्या काचेवर पट्टी ठेवली.

पंधरा वर्षं ड्रॉइंग बोर्डावर घालवलेला माणूस. नकाशा दिसला की हात आपोआप खिशातल्या सहा इंची पट्टीकडे जातो. पडद्यावर नाल्याची रेषा दिसली. तिची उंची बघावी म्हणून मी पट्टी काचेला टेकवली, एक डोळा मिटला आणि मोजायला लागलो. पडद्यावरचा नकाशा बोटाएवढा करता येतो आणि भिंतीएवढाही, हे माझ्या गावी नव्हतं.

साहेबांचा भाचा अजय खुर्चीत वळला. "मामा, बघा ना. काका काच मोजतायत."

साहेब आले. पट्टी माझ्या हातातून घेतली. स्टीलची.

"हात पुढे कर."

मी केला. छत्तिसाव्या वर्षी, दोन मुलांचा बाप, हात पुढे केला. त्यांनी पट्टीच्या कडेने मारलं. तीन वेळा. तिसऱ्या फटक्याला मधल्या बोटाची कातडी फुटली.

"मिठागरातली बोटं," साहेब म्हणाले. "काचेवर चिखल लागेल."

सगळे हसले. मीही हसलो. मार विसरलो असतो. ते हसणं विसरता आलेलं नाही.

नव्वदीची सुरुवात होती. नौपाड्यात आमचं ऑफिस. नाले, रस्ते, पाण्याच्या लाईनी यांचे नकाशे काढायचो. कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढणं, आलं तेव्हा त्याला एसीची खोली मिळाली, चपला बाहेर. आत अजय. आम्ही हाताने काढणारे बाहेर, पंख्याखाली. आणि मी तर कोलशेतचा आगरी. माझे वडील, बापू, मिठागरावर उघाडी सांभाळायचे. उघाडी म्हणजे बांधातलं झडपेचं दार. भरती चढली की मिटतं, ओहोटीला उघडतं. खाडी आत शिरत नाही.

घरी मी तो किस्सा रंगवून सांगितला. मुलं खदखदून हसली. बायको सुमन हसली नाही. तिने माझा हात मिठाच्या कोमट पाण्यात धरला आणि विचारलं, "आनि नाला? किती उंच होता?"

हे मला दिवसभरात कोणी विचारलं नव्हतं.

चार दिवसांनी प्लॉटरमधून, म्हणजे कॉम्प्युटरचे नकाशे पेनाने कागदावर काढणाऱ्या यंत्रातून, नकाशा बाहेर आला. कोलशेतला नवीन वसाहत होणार होती, तिचं पावसाचं पाणी आमच्या गावाच्या कडेने खाडीत सोडायचं होतं. मी कागद बघितला आणि ओळखला. तो माझाच होता. डोंबिवलीच्या एका नाल्याचा, मी हाताने काढलेला. अजयने तो कॉम्प्युटरमध्ये भरला, कॉपी केला, गावाचं नाव बदललं. बाकी तसंच. खाली कोपऱ्यात 'रेखाटन' या चौकटीत माझं नावसुद्धा तसंच.

डोंबिवलीच्या त्या नाल्याला भरती लागत नव्हती. इथे नाल्याचं तोंड थेट खाडीत. आणि उघाडी नाही. अवसेच्या उधाणाला खाडी त्याच नाल्याने उलटी चढून गावात आली असती. पहिलं घर आमचंच.

मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, नाल्याचं तोंड खाली आहे. उधाण त्याच्यावर हातभर चढतं."

"कोणी मोजलं? तुझ्या बापाने?"

"हो."

खरंच मोजलं होतं. दरवर्षीच्या मोठ्या उधाणाला बापू उघाडीच्या खांबावर कोयत्याने खूण करायचे.

साहेबांनी कानाखाली मारली. चष्मा कपाटाखाली गेला. "मला शिकवतोस? उद्या नकाशा पालिकेत जाणार."

"मग माझं नाव काढा त्यावरून."

"राहू दे," साहेब म्हणाले. "गाव बुडालं तर चूक कोणाची म्हणून कोणीतरी दाखवायला लागेल."

माझ्या बोर्डावर अर्धं ब्लेड होतं. चुकलेली शाई खरवडायला आम्ही ते ठेवायचो. ते उचललं आणि नावाचा कोपरा कापून काढला. मग वाटलं, नाव गेलं म्हणून पाणी थांबणार आहे का. नकाशा या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडला.

साहेबांनी माझे केस धरले आणि डोकं बोर्डावर आपटलं. परत आपटलं. ओठ फुटला, पांढऱ्या बोर्डावर लाल थेंब. तिसऱ्यांदा मी त्यांचं मनगट पकडलं. ब्लेड माझ्या दुसऱ्या हातात होतं. घड्याळाच्या पट्ट्याखाली त्यांची निळी शीर दिसत होती. मी ब्लेड तिथे टेकवलं.

मुलांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा इथून पुढे उडी मारतो. कापावंसं वाटलं. मनापासून वाटलं.

साहेब हलले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "तुम्ही शांत व्हा."

पंधरा वर्षांत पहिल्यांदा 'तुम्ही'. ब्लेड लावल्यावर. मला त्या शब्दाची किळस आली.

मी ब्लेड खाली ठेवलं. "मला हात लावायचा नाही," म्हणालो. "इथे कोणालाच नाही." पट्टी आणि कापलेला कोपरा खिशात घातला आणि निघालो. एसीच्या खोलीबाहेरून घाईत घातलेल्या चपला दोन पायांत दोन वेगळ्या होत्या, हे रिक्षात कळलं.

पण जिन्यात दुसरं काहीतरी कळलं होतं. वर प्लॉटर परत सुरू झालेला ऐकू येत होता. मी फाडला तो नुसता कागद. नकाशा कॉम्प्युटरमध्ये जसाच्या तसा होता. प्लॉटरचं पेन सरसर फिरत होतं, माझं नाव पुन्हा लिहीत होतं.

घरी पोचलो. सुजलेल्या ओठाने सुरुवात केली, "आज काय गंमत झाली..." आणि चपला दाखवल्या.

सुमनने मुलांना बाहेर पाठवलं. खिशातला कोपरा काढून वाचला, नाल्याचं आणि उघाडीचं सगळं माझ्याकडून काढून घेतलं. मग म्हणाली, "हसून नाय सांगायचं आता. तुमी हसता तवा मना समजतं, किती लागलंय ते. उद्या त्या खांबाकडं जाऊ. पट्टी घ्या. बापूंच्या खुना मोजा, कागदावर हातानं काढा, खाली सवताचं नाव टाका, आख्खं. पालिकेत मी पन येनार. आनि तिथं हसलात, तं मी तुमच्या शेजारी उभी नाय रानार."