पातळ केलेली बाटली

देऊळघाटची पहाट मला स्वप्नात दिसते ती धुक्यातली, आणि त्या धुक्यात माझ्या ओढणीत गुंडाळलेली एक कोमट बाटली असते. बाबांच्या लघवीची. हसू येतं ना? मलाही यायचं.

बाबांच्या मूत्राशयातली कॅन्सरची गाठ काढली होती. ती परत उगवते का, हे बघायला आत दुर्बीण घालावी लागे. तिच्या नावानेच बाबांच्या अंगावर काटा यायचा. मग डॉक्टर म्हणाले, आधी लघवीतल्या कॅन्सरच्या खुणा तपासू, त्या वाढलेल्या नसल्या तर दुर्बीण थोडी पुढे ढकलू. माझी शाळा बुलढाण्याला, म्हणून बाटली लॅबमध्ये पोचवायचं काम माझं.

रिपोर्ट निर्मळ आला. मी पेढे आणले, आईने देवापुढे ठेवले. बाबांनी मात्र हात मागे घेतला.

"थांबा. त्याच्यात पानी होतं."

आम्हाला वाटलं, पेढ्याच्या दुधात. कारण बाबांनी उभा जन्म गावच्या डेअरीवर दूध मोजलं होतं. पाणी घातलेलं सापडलं की सख्ख्या भावाचाही कॅन परत. त्याच माणसाने बाटली द्यायच्या आदल्या संध्याकाळपासून पाण्याचे लोट्यावर लोटे रिचवले होते, लघवी पातळ व्हावी, खुणा दिसू नयेत म्हणून.

"काऊन पण, बाबा?"

"मले भेव वाटलं, बाई. पन लोकायचं दूध वापस केलं म्या. आता हे कसं पचन?"

मला संताप आला, आणि त्याच्या जोडीला रडूही. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, पातळ लघवीत खुणा निसटू शकतात, पुन्हा द्या.

दुसऱ्या खेपेलाही धुकं होतं. झाडं, रस्ता, आमचं फाटक, सगळं अर्धवट झोपेतलं. बाबा फाटकापर्यंत आले. बाटली उजेडाकडे धरून त्यांनी नीट पाहिली. हळदीच्या पाण्यासारखी पिवळीजर्द होती.

"घे बाई. जसं हाय तसं ने."

रस्ताभर ती ऊब माझ्या पोटाशी होती. वाटत होतं, आज बुलढाणा येऊच नये.

खुणा वाढलेल्या निघाल्या. दुर्बीण घालावीच लागली. हरभऱ्याएवढी गाठ सापडली, डॉक्टरांनी ती तिथेच काढली. वेळेत आलात, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी डोळे मिटूनच विचारलं, "ते पेढे हायेत का वं अजून?"

ते केव्हाच आंबले होते. मी बेधडक हो म्हणाले, आणि नवे आणायला धावले.