माझ्या पोरीला नापास करा

माझी पोरगी सहा महिन्यांची होती. झोपेतून उठली की मान खाली घालायची आणि दोन्ही हात जोडल्यासारखे पुढं आणायची. लागोपाठ दहा-बारा वेळा. आमचं गाव औंढ्याजवळचं. सासूबाई म्हणाल्या, "लेकरू नागनाथाला नमस्कार करून राहिलं." झालं! बायका नारळ घेऊन यायला लागल्या, तिच्या पाया पडायला लागल्या. आणि मी मूर्ख, तिला काजळ-पावडर करून मांडीवर घेऊन बसायची. दोन महिने! आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

नांदेडच्या डॉक्टरांनी एकदाच बघितलं आणि आमच्यावर खेकसले, "हे झटके आहेत. इतके दिवस काय करत होता?" इंजेक्शनं झाली, झटके थांबले. पण त्यांनी बजावलं, ही सगळं उशिरा शिकेल, मागं लागून शिकवावं लागेल. घरात कुणी ऐकलं असेल तर शपथ! झटके गेले ना, मग पोरगी बरी झाली, असंच सगळे म्हणत राहिले. ती चालली तिसऱ्या वर्षी, बोलली पाचव्या.

शाळेत तर कहरच. गुरुजी तिला शेवटच्या रांगेत बसवायचे आणि दर वर्षी पास करायचे. तिसरीत गेली तरी 'क' काढता येईना. एकदा वही उघडली तर नुसत्या रेघोट्या, आणि पानापानावर बरोबरची खूण! माझं डोकंच फिरलं. तशीच शाळेत गेले.

"गुरुजी, ह्यात काय वाचून बरोबर दिलं?"

"असू द्या ना बाई. देवाचं लेकरू हाय. पास करून राहिलो ना आमी?"

"देवाचं न्हाई, माझं हाय. नापास करा तिला. पहिलीत बसवा आन् शिकवा."

नवरा म्हणाला, लोक हसतील. हसू द्या म्हटलं, दात दिसतील त्यांचेच. रोज तिला पहिलीच्या वर्गात नेऊन बसवायची आणि शाळा सुटेपर्यंत दारातच ठाण मांडायची. पंधरा दिवसांनी गुरुजी वैतागले आणि शिकवायला लागले.

दिवाळीच्या आधी एकदा पोरगी रडत घरी आली. वहीत अकरा अक्षरं, आणि सातांवर लाल फुल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं लिहिलेलं वाचलं होतं. तिला गप्प करता करता मीच हमसून रडले. मग ती वही अख्ख्या आळीला दाखवत फिरले. उरलेली चार अक्षरं खरंच बरोबर होती.