मामांचा डबा

मामांना वय विचारलं की ते वय सांगत नसत, सुटायला किती वर्षं उरली ते सांगत. "अजून सहा रे." मुरबाडच्या कारखान्यात आम्ही एकाच ठेकेदाराकडे पोती उचलायचो. ते कोणाचे मामा ते ठाऊक नाही, पण सगळ्यांचेच होते. पन्नाशीला काम सोडायचं, हे त्यांनी तिशीतच ठरवलेलं. आम्ही चिडवायचो, "मामा, साहेबलोक साठीपर्यंत खुर्ची सोडत नाय, तुमी कसले सुटताय?" मामा शांतपणे भाकरी मोडत. "त्यांना खुर्ची हाय. आमचे गुडघे साठीपर्यंत टिकायचे नाय."

बेत पक्का होता. भात घरच्या शेतातला, भाजी परसातली, मुलगी आपल्या घरी सुखात. मामांच्या गरजाही कमी. चहाची गाडी आली की ते हमखास पाणी प्यायला उठत.

पन्नाशी भरली आणि त्यांनी खरंच काम सोडलं. ठेक्यावरच्या माणसाला निरोप कोण देतो? आम्हीच वर्गणी काढून शाल-नारळ दिला. मी भाषण ठोकलं, मामांसारखं वेळेवर थांबायला शिका म्हणून. जाताना त्यांनी आपला स्टीलचा डबा माझ्या हातात ठेवला. "ठेव तुला. मना आता जेवायला घर हाय."

महिन्याभरात सिद्धगडावरून त्यांचा फोन आला. "वर पोचलो रे! गुडघे कायच बोलत नाय." मला मनापासून हेवा वाटला.

मग मामींच्या किडन्या बिघडल्या. कामावर होते तोवर मामांकडे कामगार विम्याचं कार्ड होतं, घरच्यांचे उपचार त्यावर होत. काम सुटलं तसं तेही गेलं. मामांनी सगळ्याचा विचार केला होता, आजारपणाचा तेवढा राहिला. आमच्यात तो कोण करतो?

एका रविवारी ते घरी आले. चहा झाला, गप्पा झाल्या. उठताना चपलेत पाय घालत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो डबा हाय का रे तुझ्याकडं?"

मला माझं भाषण आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोने डब्यातली डाळ काढली, डबा घासला. रिकामा कसा द्यायचा, म्हणून तांदळाच्या भाकऱ्या आणि चवळीची भाजी भरली. "मामींना द्या," ती म्हणाली.

"देतो गो. पन डबा सकाळी मनाच लागंल. सातची पाळी हाय."

आता आम्ही पुन्हा शेजारी बसून जेवतो. किती वर्षं उरली, हे मी विचारत नाही. मामाही सांगत नाहीत.