ग्रोद्नोच्या लेकीचा पासपोर्ट

जर्मनीतल्या नेकारसुल्मला दातांची एक लहानशी लॅब आहे. तिथे अलेस्या कवळ्या बनवते, आणि त्या इतक्या चोख की तिच्या हातची कवळी बसवलेले आजोबा खुशाल ब्रेट्सेलचा कडक खारा पाव चावतात. बाई मूळची बेलारूसची, ग्रोद्नो शहरातली. शिकायला जर्मनीत आली आणि चारुदत्तच्या प्रेमात पडली. तो पुण्याचा, मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. लग्न पुण्यात साग्रसंगीत झालं. मराठी ती सासूबाईंकडून शिकली, त्यामुळे भाजीत मीठ कमी पडलं की तेही सासूबाईंच्याच ठसक्यात सांगते.

तशी सुखी बाई. दुःख एकच. तिची आई हालिना ग्रोद्नोला एकटी राहते, आणि मायलेकींची भेट होऊन सहा वर्षं झाली होती. फोनवर हालिना विचारायची, "कधी येतेस?" अलेस्याचं उत्तर ठरलेलं, "पासपोर्टची मुदत संपलीय गं." हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

सासूबाई सुनेत्राबाई दर उन्हाळ्यात तीन महिने यायच्या. त्यांना हे कोडं काही उलगडेना.

"अगं अहिल्या, मुदत संपली तर वकिलातीतून नवा आण की. आम्ही नाही का आणत?"

अहिल्या हे सुनेचं लग्नातलं नाव, खुद्द सुनेत्राबाईंनी निवडलेलं.

"आई, आमचा कायदा आधी फार प्रेमळ होता," अलेस्या पोळी लाटता लाटता म्हणाली. "एक्क्याण्णव साली देश नवा झाला, तेव्हा जो तिथे कायमचा राहत होता तो नागरिक. माझी आई रशियातली, ग्रोद्नोच्या गिरणीत कामाला आलेली. काही न करता बेलारूसची झाली."

"मांडवात आलात, आता जेवूनच जा म्हणतात तसं!"

"गेनाऊ, अगदी तसंच! मग दोन हजार दोनमध्ये नवा कायदा आला. तरी जन्माचं नागरिकत्व कुणी काढून घेत नव्हतं. दोन हजार तेवीसमध्ये सगळं फिरलं. परदेशात बसून सरकारच्या विरुद्ध गेलात आणि कोर्टानं शिक्षा दिली, तर जन्माचं नागरिकत्वही जाऊ शकतं. आणि वकिलातीत पासपोर्ट देणं बंद. हवा तर घरी या."

"मग जा की घरी."

लाटणं थांबलं. "वीस साली मी श्टुटगार्टला आमच्या सरकारविरुद्धच्या निदर्शनात उभी होते, आई. तसे लोक घरी गेले की सगळेच परत येत नाहीत. माझ्या आईला हे सांगितलेलं नाही. ती काळजीनं खचेल."

सुनेत्राबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. मात्र जर्मन नागरिकत्वाचं घोडं पुढे दामटायला त्यांनीच मुलाच्या मागे धोशा लावला. सुनेनं इथे राहून, काम करून हक्क कमावला होता. हालिनाला जर्मनीचा व्हिसा मिळत नव्हता; लेकीला जर्मन पासपोर्ट मिळाला की निदान कुठल्या तरी तिसऱ्या देशात आईची गाठ पडेल, एवढीच अलेस्याची आशा होती.

अर्ज भरताना माशी शिंकली. 'आणखी कोणती नावं आहेत किंवा होती?' हा रकाना चारुदत्त कोरा सोडत होता.

"कोरा काय सोडतोस?" सुनेत्राबाई कडाडल्या. "लग्नात नाव बदललंय ना तिचं? सरकारदरबारी लपवाछपवी नको."

नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं ते नाव अलेस्यालाही भारी आवडायचं. तिनं सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं.

महिन्याभरात नागरिकत्वाच्या कचेरीतून बोलावणं आलं. टेबलापलीकडे तिथल्या अधिकारी, फ्राऊ हाउगर.

"हे दुसरं नाव कोणत्या कागदानं मिळालं?"

"कागद नव्हता," चारुदत्त म्हणाला, "तांदूळ होते."

फ्राऊ हाउगरनी चष्मा काढला. बाई वाईट नव्हती, नियमाची होती. पासपोर्ट मुदत संपलेला, नवा मिळण्याची सोय नाही, आणि अर्जदार स्वतःच सांगते की मला आणखी एक नाव आहे. मग ही नक्की कोण? ओळख पटल्याशिवाय फाईल जागची हलणार नव्हती.

"आल्झो, म्हणजे असं करा," फ्राऊ हाउगर शेवटी म्हणाल्या, "ज्यांनी नाव ठेवलं, त्यांनी लिहून द्यावं की ते फक्त घरगुती आहे, त्याला कायद्यात काही अर्थ नाही."

घरी ते ऐकून सुनेत्राबाई हिरमुसल्या. "मी एवढ्या हौसेनं ठेवलेलं नाव, त्याला अर्थ नाही असं मीच लिहू?"

"आई, राहू दे," अलेस्या म्हणाली. "दुसरं काही बघू."

"दुसरं काय बघणार? हे लिहिलं नाही तर तुला तुझी आई दिसायची नाही ना?"

"नाही."

"मग आण पेन. आणि पोळ्यांकडे बघ, करपतायत."

सही करून त्या उठल्या आणि बराच वेळ बाल्कनीत उभ्या राहिल्या. अलेस्यानं त्यांना चहा नेऊन दिला.

पुढच्या उन्हाळ्यात पासपोर्ट हातात आला. चारुदत्त पेढे घेऊन आला, सुनेत्राबाईंनी सुनेला ओवाळलं. अलेस्या हसत होती, पण मन फोनकडे होतं. आता आईला फोन करायचा, आणि ती विचारणारच. सांगायला सबब उरली नव्हती.

हालिनानं पासपोर्ट फोनच्या कॅमेऱ्यातून डोळे भरून पाहिला. अलेस्यानंच मग धीर केला.

"आई, मी घरी येण्याबद्दल..."

"येऊ नकोस," हालिना म्हणाली. "तो जर्मन पासपोर्ट इथे कुणी जुमानणार नाही. इथे आलीस की तू यांचीच. तुझा श्टुटगार्टचा फोटो शेजारणीनं मला केव्हाच दाखवला होता. छान दिसत होतीस."

"मग दर वेळी कधी येतेस विचारायचीस ते?"

"फोन कुणी ऐकत असलं तर? आईनं विचारायला नको? आज मात्र तुला स्पष्ट सांगायला हवं. जॉर्जियाला मला व्हिसा लागत नाही, तुझ्या या पासपोर्टवर तुलाही लागणार नाही. मी चौकशी करून ठेवलीय, सप्टेंबरात तिथल्या बाटुमीला ये. दर वर्षी भेटू. पण इकडे नाही. मी गेल्याचं कुणी कळवलं तरी नाही. ऐकतेयस ना?"

अलेस्यानं मान हलवली.

भाषा न कळणाऱ्या सुनेत्राबाई निरांजन हातात धरून तशाच उभ्या होत्या. "काय गं, काय म्हणाल्या?"

अलेस्यानं पदर नव्हता म्हणून बाहीनं डोळे पुसले.

"आई येते म्हणाली."